वय न विचारता

"सर, ही स्लाइड तुमच्या ट्रेमध्ये यायला नको होती," श्रुतिका म्हणाली, तेव्हा ठिपके द्यायचं पेन माझ्या हातात उघडंच होतं. मला वाटलं, घाईची केस असेल, दुसऱ्या कुणी मागितली असेल. मी म्हटलं, अर्धी बघून झालीच आहे, त्यांच्या डॉक्टरांना फोन कर, बाई तरुण दिसते, उशीर व्हायला नको. घाटकोपरच्या त्या लॅबमध्ये आमच्या खोलीला खिडकी नाही. एसीची घरघर इतकी सतत असते की ती ऐकू येत नाही, आणि त्या क्षणी ती मला ऐकू येऊ लागली. मग श्रुतिका म्हणाली, "सर, ती काकूंची आहे." कोणत्या काकूंची, असं मी विचारलं. खरोखर विचारलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखतो, कारण रिपोर्ट न्यायला आलेल्या माणसांकडे मी स्वतः तसं पाहत आलो आहे. कुंदा. माझी बायको. जिला त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे "येतो" म्हणून निघालो होतो, आणि जिने नेहमीप्रमाणे डबा हातात देताना छत्री घेतली का विचारलं होतं.

लॅब श्रुतिकाची आहे. ती माझी विद्यार्थिनी. निवृत्त झाल्यावर घरी पुस्तकं वाचत बसायचं ठरवलं होतं, पण नुसत्या पुस्तकांत माझा जीव रमेना; तिने बोलावलं, म्हणून आठवड्यातल्या काही सकाळी मुलुंडहून येतो आणि पॅप स्मिअर वाचतो. वाचतो असंच आम्ही म्हणतो. गर्भाशयाच्या तोंडावरून हलक्या हाताने खरवडून घेतलेल्या पेशी काचेवर पसरलेल्या असतात, रंगवलेल्या असतात, आणि भिंगाखाली ती काच ओळीओळीने सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. जिथे शंका येईल तिथे शाईचा बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे पुढच्या माणसाला ती पेशी सापडते. बाकी सगळं नॉर्मल. हे 'बाकी सगळं' शिकायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला. परळच्या आमच्या सरांनी पहिलं वर्षभर कॅन्सरची पेशी दाखवलीच नाही. नॉर्मल पेशींची चित्रं काढायला लावायचे. वरच्या थरातल्या मोठ्या, चपट्या, गुलाबी, मध्ये टिंबाएवढं काळं केंद्रक. मधल्या थरातल्या निळसर हिरव्या, कडा दुमडलेल्या, केंद्रक जरा मोठं. इतर प्रत्येक केंद्रक लहान की मोठं हे त्याच्याशी ताडून ठरवायचं. तळाजवळच्या लहान, गोल, घट्ट. आतल्या बाजूच्या मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. संध्याकाळी सर विचारायचे, आज कोण कोण भेटलं? जणू आम्ही गल्लीत फिरून आलो होतो. मला तो प्रश्न आवडायचा. माणसांच्या घोळक्यात मला कुणाशी काय बोलावं कळत नसे, मुलींशी तर नाहीच. आणि इथे मात्र मी सगळ्यांना नावानिशी ओळखत होतो.

त्यातून मला एक सवय लागली. स्लाइडबरोबरची माहिती आधी वाचायची नाही. आधी पेशी बघायच्या, त्यांवरून बाईचं वय ताडायचं, मग विचारायचं. लॅबमधला नंदू, जो स्लाइडी रंगवून ट्रे लावतो, त्याला हा खेळ माहीत झाला होता. मी आतून म्हणायचो, पंचेचाळीस? तो बाहेरून म्हणायचा, "सत्तेचाळीस, सर, झकास." हा खेळ बरोबर नाही, हे मला ठाऊक होतं. वय माहीत नसताना स्मिअर वाचू नये, हे मीच वर्गात शिकवत होतो. पण इतक्या वर्षांत तो कधी फसला नव्हता, आणि माझ्यासारख्या माणसाला स्वतःविषयी अभिमान वाटावा अशा गोष्टी फार नसतात.

तर मी कुंदाला पस्तिशीची ठरवलं होतं. एका कडेला मधल्या थरातल्या थोड्या मोठ्या पेशी दिसल्या आणि मी मनात म्हटलं, पस्तीस. त्यानंतर लहान गोल पेशी आल्या, घोळक्याने, गडद, केंद्रकं मोठी. पस्तिशीच्या बाईत अशा पेशी दिसल्या की त्याचा अर्थ एकच असतो. मी ठिपके दिले. माझा हात जराही थरथरला नाही, उलट मनात एक बारीकसं समाधान होतं, पकडलं म्हणून. आणि आता श्रुतिका सांगत होती की ही बाई सहासष्ट वर्षांची आहे. सहासष्टाव्या वर्षी शरीरातलं हार्मोन आटलेलं असतं, पेशी वाढून वरपर्यंत पोचत नाहीत, तळाजवळच्या लहान गोल पेशीच काचेवर येतात. त्यांची केंद्रकंही मोठी दिसतात, त्या सुकतात, गडद होतात. म्हणजे तीच काच, त्याच पेशी. पस्तीस म्हटलं तर कॅन्सरचा उंबरठा, सहासष्ट म्हटलं तर काहीच नाही, म्हातारपण. मी पुन्हा डोळा लावला. आता त्या मला साध्या दिसत होत्या. एकसारख्या, शांत. पण आता मला ती कोण आहे ते माहीत होतं. आधी ज्याने पाहिलं तो डोळा काही मागत नव्हता. हा डोळा भीक मागत होता. यांतल्या कुठल्यावर विश्वास ठेवायचा? मी मान वर केली तेव्हा चष्म्याच्या काचा आतून ओल्या झाल्या होत्या. अर्धी स्लाइड अजून बघायची राहिली होती. ती मी बघू शकलो नाही.

श्रुतिकाने माझ्या जागी बसून सगळी पाहिली. मी भिंतीवरच्या वीजबिलाकडे बघत उभा होतो. ती म्हणाली, "मला तरी वयाचंच वाटतंय, सर." मग काचेवरच्या ठिपक्यांकडे बोट करून म्हणाली, "पण तुम्ही ठिपके दिलेत ना." मी म्हटलं, मला वय माहीत नव्हतं. ती म्हणाली, तेच तर. माझ्यावरचा तिचा विश्वास असा कधी माझ्या मानेवर येऊन बसेल, याची मला कल्पना नव्हती. तिला वाटत होतं की सरांनी काही न कळता जे पाहिलं तेच खरं असेल. मला ओरडून सांगायचं होतं की अगं, मी म्हातारा झालोय, मी चुकलोय, पण ते सांगताना सुद्धा मला कळेना की मी चुकलोय असं मला वाटतंय की मी चुकलो असेन तर बरं असं वाटतंय. हळूहळू तिने बाकीचं सांगितलं. कुंदाला महिन्याभरापूर्वी थोडा लालसर डाग दिसला होता. मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंकडे ती एकटीच गेली, सोनोग्राफी झाली, आतलं अस्तर पातळ आहे, तिथे काही नाही. मग स्मिअर घेतला, आणि तो इथेच येणार म्हटल्यावर कुंदाने श्रुतिकाला फोन करून बजावलं होतं, यांना दाखवू नकोस गं, झोपायचे नाहीत. नंदूने ट्रे लावताना घोटाळा केला. तो दाराबाहेर उभा राहून सारखा "सॉरी सर" म्हणत होता आणि मला त्याचा राग येत नव्हता, त्याचा चेहराच दिसत नव्हता.

अशा पेशींना विचारायचा एक जुना मार्ग आहे. काही दिवस हार्मोनचं क्रीम लावायला द्यायचं आणि पुन्हा स्मिअर घ्यायचा. साध्या पेशी त्या हार्मोनने वाढतात, मोठ्या होतात, गुलाबी होतात. बिघडलेल्या असल्या तर त्यांना काही ऐकू येत नाही. त्या आहेत तशाच राहतात. श्रुतिकाने डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी कुंदाला सांगितलं, आणि त्या संध्याकाळपासून आमच्या घरात दोघंही काहीच झालं नसल्यासारखे वागू लागलो.

आमची इमारत जुनी आहे, मुलुंड पश्चिमेची, लाद्या अजून मोझॅकच्या. मिहिरने, आमच्या मुलाने, कांदिवलीला फ्लॅट घेतला तेव्हा तिथे पांढऱ्याशुभ्र चकाकत्या टाइल्स बसवल्या आणि म्हणाला, बाबा, तुमच्याही बदलून टाकू. मी नको म्हटलं होतं. आता मला त्या लाद्यांवर पाय ठेवता येईना. पांढुरक्या सिमेंटमध्ये काळे, तांबडे, हिरवट तुकडे. काही टोकदार, काही गोल, काही एकमेकांना लागून. मी चहाचा कप घेऊन हॉलमधून बाल्कनीत जायचो आणि नजर खालीच. हा तुकडा मोठा, ह्याच्या शेजारचा गडद. ह्याची कड बरोबर नाही. एकाच लादीत तीन काळे जवळजवळ आले की मी ती लादी ओलांडून पुढे पाऊल टाकी. बाहेर एलबीएस रोडच्या बाजूला मेट्रोच्या खांबांचं काम चालू होतं, दिवसभर जमीन बारीक हादरत असे, कपातला चहा सुद्धा थरथरे, आणि मला वाटे ही थरथर माझ्यातच आहे आणि कुंदाला ती दिसते आहे. न्हाणीघरातल्या फडताळात, माझ्या दाढीच्या सामानामागे, कपडे धुण्याच्या पावडरच्या डब्याआड ती ट्यूब होती. मी ती हातात घेऊन पाहिली. वरून खालपर्यंत व्यवस्थित दाबत आणलेली, टोक गुंडाळलेलं. टूथपेस्टची ट्यूबही ती तशीच वापरते. मध्येच दाबली म्हणून आमची लग्नानंतर पहिली कुरबुर झाली होती. मी ट्यूब होती तशी ठेवली आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

लाज वाटते ती याची की मी हजारो बायकांना आतून ओळखतो आणि कुंदाशी या विषयावर उभ्या आयुष्यात एकदाच बोललो आहे. मिहिर पोटात होता तेव्हा. सुटी होती, ती म्हणाली कुठेतरी जाऊ, आणि आम्ही गोराईला गेलो. खाडीतून जाताना पाणी शांत होतं, मासळीचा वास होता, तिला मळमळेल म्हणून मी धास्तावलो होतो आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, की गरोदरपणात मधल्या थरातल्या पेशींचा आकार बदलतो, त्या लांबट होतात, कडा जाड, आत पिवळसर साठा, दोन्ही टोकं निमुळती. होडीसारख्या दिसतात, आम्ही होडीच म्हणतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली की समोरची कोळीण पण कारण न कळता हसायला लागली. "म्हणजे माझ्यात होड्या चालल्यात?" ती म्हणाली. माझे कान लाल झाले. मी पुन्हा कधी काही सांगितलं नाही. ती टेलिफोन खात्यात होती, दिवसभर लोकांशी बोलायची, घरी येऊन मला सगळ्यांच्या नकला करून दाखवायची; मी मात्र लॅबमधून येऊन एवढंच म्हणायचो, आज बरंच काम होतं. तिनेही कधी विचारलं नाही, कोण कोण भेटलं.

एका दुपारी जेवणं झाल्यावर ती टेबल पुसता पुसता म्हणाली, "तुम्हाला कळलंय." मी काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, "नाटक नका करू. दोन दिवस झाले, तुम्ही लादीवरून असे चालताय जशी काच फुटली आहे." मी बसून राहिलो. तिने फडकं धुतलं, पिळलं, वाळत टाकलं, मग समोर येऊन बसली. नंदूचा घोटाळा, श्रुतिकाचा फोन, सगळं तिला आधीच माहीत होतं. ती फक्त मी कधी बोलतो याची वाट बघत होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, घाबरला असतात. मग टेबलावर पडलेली मिठाची कणी बोटाने टिपत म्हणाली, "आणि मला तुम्ही तसं बघायला नको होतं. बाकी साऱ्या जगाचं बघता, ते ठीक आहे." मग तिनेच विचारलं, "माझी आहे हे माहीत नव्हतं, तेव्हा काय वाटलं?"

खोटं मला नीट बोलता येत नाही. "पस्तिशीची वाटलीस," मी म्हटलं.

ती हसली. अगदी खरं हसली, तोंडावर हात ठेवून. म्हणाली, "चला, कुणाला तरी वाटले." मग शेजारच्या बाईंना सांगते आता, म्हणून उठली आणि आत जाऊन पडली. मी तिथेच बसलो होतो. तिला जे कौतुक वाटलं होतं त्याच्या आत काय आहे हे मला एकट्याला माहीत होतं, आणि ते मी तिच्या हातात गोड खाऊसारखं ठेवलं होतं. आतून तिचा घोरण्याचा बारीक आवाज येऊ लागला. इतक्या वर्षांत मला त्या आवाजाचा त्रास व्हायचा. आता तो मध्येच थांबला की माझा श्वास थांबायचा, पुन्हा सुरू झाला की सुटायचा, आणि मला वाटलं, ह्यापुढे हे असंच.

दुसरा स्मिअर झाला. श्रुतिकाने तो आधी स्वतः पाहिला, ठिपका एकही दिला नाही, आणि स्लाइड माझ्यासमोर ठेवून बाहेर गेली. मी डोळा लावला, आणि सगळीकडे गुलाबी होतं. मोठ्या, पसरट, पातळ पेशी, पाकळ्यांसारख्या, प्रत्येकीत एक टिंब. बावीस-तेविशीच्या मुलीची काच. आमचं लग्न झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. मी ओळीओळीने गेलो, टोकापासून टोकापर्यंत, पुन्हा उलट्या दिशेने. गडद, गोल, बहिरी अशी एकही पेशी मागे राहिली नव्हती. सगळ्यांनी ऐकलं होतं. मी बाहेर येऊन श्रुतिकाला म्हटलं, नॉर्मल. तिने डोळे पुसले, नंदूने चहा मागवला. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मला सारखं वाटत होतं, ज्या डोळ्याने न घाबरता पाहिलं तो चुकला, म्हणजे आता माझ्याकडे घाबरलेला डोळाच उरला. त्या दिवशी पुढची स्लाइड घेताना मी नंदूला आधी वय विचारलं. त्याने दारातून आत डोकावून पाहिलं, मग सांगितलं.

मी दोन्ही स्लाइडी श्रुतिकाला विचारून घरी आणल्या. कुंदाने ऐकलं, देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, मला बघायचं आहे. माझा विद्यार्थीदशेतला एका नळीचा सूक्ष्मदर्शक कपाटात होता, आरशाचा, उन्हावर चालणारा. दुपारी बाल्कनीच्या दाराशी स्टूल ठेवून मी आरसा उन्हाकडे वळवला आणि गुलाबी स्लाइड लावली. ती चष्मा काढून वाकली. "काळी काडी दिसतेय नुसती." मी म्हटलं, ती तुझीच पापणी, डोळा जरा मागे घे. सगळ्यांना आधी पापणीच दिसते. मग ती एकदम स्तब्ध झाली. "छान आहे हो," ती म्हणाली. "पण ही मी नव्हे, ही क्रीमची बाई. दुसरी लावा."

मी दुसरी लावली. ठिपके समोर आले. ती बघत म्हणाली, "ह्या गोल गोल, बुटक्या? ह्यांना घाबरलात?" मी हो म्हटलं. "आता क्रीम संपलं की परत अशाच होणार?" हो, अशाच. "आणि मग ते काय?" ते नॉर्मल, मी म्हटलं, आणि हा शब्द मी आजवर किती रिपोर्टांवर लिहिला असेन, पण तिला तोंडाने कधी सांगितला नव्हता. तिच्या मानेवरचे विरळ पांढरे केस उन्हात दिसत होते, त्यांखालची कातडी, तिच्यावरचे तपकिरी डाग. "पुढे सरकवा," ती म्हणाली, "ठिपक्यांच्या पलीकडे काय आहे बघू दे."

त्या बाजूची अर्धी काच मी त्या सकाळी पाहिली नव्हती. नंतरही नाही. श्रुतिकाने पाहिली होती, ती म्हणाली होती काही नाही, आणि दुसरी स्लाइडही तेच सांगत होती. तरी मी आधी तळहात पुसून घेतले. मी काच हळूहळू सरकवू लागलो, केसभर, पुन्हा केसभर. खाली मेट्रोच्या कामाचा हादरा आला आणि स्टूल बारीक थरथरलं. "सगळ्या सारख्याच आहेत की," ती पुटपुटत होती, "सारख्याच... सारख्याच..." आणि मग म्हणाली, "थांबा."

माझा हात थांबला. माझं सगळंच थांबलं. ती आणखी वाकली, एक डोळा हाताने झाकला. कडेचा भाग होता तो.

"एक वेगळीच आहे इथे," ती म्हणाली. "लांबट. दोन्ही टोकांना निमुळती." मग मान न उचलताच विचारलं, "अहो, ही होडी का?"

तिचं डोकं नळीवर होतं. बघायचं तर तिला बाजूला करावं लागलं असतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा, न बघता, हो म्हणालो.